भाट्याच्या चढणीवर

महिपत शिवगणचा एक हट्ट सगळ्या रत्नागिरीला माहीत होता. गॅरेजात आलेली गाडी बरी झाल्याशिवाय तो परत द्यायचा नाही, आणि बरी झाली की मालकाला शेजारी बसवून गावभर मिरवून आणल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. नाचण्याच्या रस्त्याला, फणसाच्या सावलीत त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. बायको हौसा म्हणायची, आमच्या लग्नात ह्यांनी माझं तोंड नीट बघितलं नाही, वरातीच्या जीपचा सायलेन्सर बघत बसले. महिपत ते नाकारायचा नाही. सायलेन्सर खरोखरच फुटका होता, एवढंच म्हणायचा.

२००६ सालचा जानेवारी होता. कलमं मोहरली होती. सकाळी अंगात स्वेटर आणि दुपारी कपाळावर घाम, अशी आपली नेहमीची थंडी पडली होती. अशा एका सकाळी राजिवड्याचा रशीद सोलकर आपली निळी गाडी घेऊन गॅरेजच्या दारात आला. चौदा वर्षं मस्कतला ड्रायव्हरकी करून परत आलेला, गोल चेहऱ्याचा, सदा तोंडात वेलची असलेला माणूस. आज त्याच्या तोंडात वेलची नव्हती.

"मेस्त्री, हिला काय झालाय ते बगा. ओढतच नाय."

"कुठं ओढत नाय?"

"भाट्याच्या चढणीला. दुसऱ्या गिअरवर येते. काल बाजूनं एस.टी. गेली पुढं. एस.टी.!"

महिपतला हे मनाला लागलं. ती गाडी त्याच्या आवडीची होती. डिझेल गाड्यांना टर्बो बसवायला सुरुवात झाली त्या वेळची, सत्त्याण्णवची. मागच्या दारावर चंदेरी अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं, त्यातला 'ट' पडून गेलेला. जोरात असली की तिच्या बॉनेटमधून बारीक शिट्टी यायची. ती शिट्टी ऐकून महिपत डोळे मिटून सांगायचा, रशीद आला.

"कधीपर्यंत पायजे?"

"आमच्या पोरीचा, उझमाचा निकाह हाय ना ह्या महिनाअखेर. पूर्णगडला देतोय. भाट्याची चढण चढल्याबिगर पूर्णगड येत नाय. आणि आमच्या घरची रीत तुमाला ठाऊक हाय, पोरगी घरच्याच गाडीतनं जाते. आधी घरच्या होडीतनं जायची, आता गाडीतनं." रशीद थांबला. मग त्याने खरं काय ते सांगितलं. "निकाह मे महिन्यात होता, मेस्त्री. बाबांसाठी अलीकडं घेतला. दिवाळीपासनं त्यांना श्वास पुरत नाय. डॉक्टर म्हणतात ही थंडी निघाली तर देवाची कृपा. बाबांनी निकाह बगायला पायजे, बस्स. बाकी मंडप पडला तरी चालंल मला."

बाबा म्हणजे रशीदचे वडील, दाऊद तांडेल. शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे कप्तान होते, मंगळूरची कौलं भरून आणायचे. सगळा राजिवडा त्यांना तांडेलबाबा म्हणे. महिपतने लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून खाडी बघितली होती. त्याचा बाप त्यांच्या गलबतावर खलाशी होता.

"ठेवा गाडी," तो म्हणाला. "एस.टी.ला मागं टाकून दाखवतो."

गाडीचं दुखणं महिपतच्या मते माणसाच्या दुखण्यापेक्षा फार सरळ असतं. टर्बो म्हणजे एक भिंगरी. इंजिनाचा धूर तिला फिरवतो, ती बाहेरची हवा कोंबून इंजिनात ढकलते. हवा भरपूर गेली की गाडी ओढते, कमी गेली की रडते. तेव्हा दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर हवा तयार होत नाही, नाही तर तयार होऊन वाटेत गळते. तिसरं काही नसतं. हे तो येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवायचा, कुणी विचारलेलं नसताना.

त्याने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आनंदाने ओरडला. आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. "सापडली चोरीण!" त्याने ते घर अलगद काढून फणसाच्या बुंध्यापाशी ठेवलं, गाडी भाट्याला नेली, आणि ती तशीच रडत वर चढली.

मग त्याने टर्बोची भिंगरी बोटाने फिरवून बघितली. लोण्यातून फिरावी तशी फिरली. एक रबरी होस तेलाने नरम पडला होता, तो बदलला. क्लिपा नव्या लावल्या. फणसाच्या लाकडाचं एक बूच तासून, त्यात सायकलच्या ट्यूबचा वाल्व बसवून, ते हवेच्या पाइपाच्या तोंडात ठोकलं. कॉम्प्रेसरने आत हवा भरली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ओतलं, पंक्चरवाला ओततो तसं. एक बुडबुडा येईल तर शपथ. हवा गळत नव्हती.

तेव्हा त्याने मीटर लावला. जुन्या कॉम्प्रेसरचा प्रेशरचा मीटर, त्याला लांबलचक रबरी नळी. नळीचं एक टोक इंजिनात, दुसरं खिडकीतून आत घेऊन मीटर डॅशबोर्डवर चिकटवला. निरोगी असली तर ही गाडी चढणीला बारा पौंड दाखवते. हातखंब्याच्या रस्त्याला काटा बारावर गेला आणि खिळल्यासारखा राहिला. कुवारबावच्या चढावाला बारा. शिट्टी खणखणीत. महिपतने मोठ्याने गाणं म्हटलं आणि गाडी भाट्याकडे वळवली.

पूल ओलांडला. सुरूचं बन मागे पडलं. चढण सुरू झाली तेव्हा काटा बारावर होता. पहिल्या वळणाला डाव्या हाताची झाडी संपते आणि खाली एकदम सगळी खाडी दिसते. पलीकडे राजिवडा, ओळीने उभ्या होड्या, पाण्यापर्यंत आलेली घरं. तिथं काटा उतरायला लागला.

पाइप सुटला की काटा पडतो. हा पडला नाही. हळूहळू खाली आला, थांबला, जरासा वर सरकला, परत खाली आला. थांबला. वर सरकला. चारावर येऊन असाच वरखाली होत राहिला. शिट्टी बंद झाली होती.

महिपतने गाडी खाली नेली आणि पुन्हा चढवली. पुन्हा त्याच वळणाला तसंच झालं.

"जल्ला मेला," तो मीटरला म्हणाला. मीटर बदलून आणला. तोही चारावर आला.

राजिवड्याला रशीदच्या घरी चहा ठरलेलाच असायचा. त्या दुपारी गाडी लावून महिपत आत शिरला तेव्हा अंगणात मंडपाचे वासे पडले होते, बायका सांदणांच्या पिठावरून भांडत होत्या आणि हसत होत्या, आणि ओट्यावर खाडीकडे तोंड करून ठेवलेल्या आरामखुर्चीत तांडेलबाबा बसले होते. महिपतने मनाची तयारी केली होती. आठवड्यापूर्वी तो आला होता तेव्हा बाबांना दोन शब्द बोलायला मध्ये श्वास घ्यावा लागत होता.

"ये रे महिपत! बस. तुझ्या बापाची एक गोष्ट तुला सांगायची राहिली," बाबा म्हणाले, आणि सांगायला लागले. वेंगुर्ल्याच्या पुढे गलबत तीन दिवस वाऱ्याविना पडून होतं, खायला नुसते कांदे होते, आणि महिपतच्या बापाने झोपेत ओरडून सगळ्यांना उठवलं की बांगडा शिजला, बांगडा शिजला. सगळी गोष्ट त्यांनी एका दमात सांगितली. बायका पीठ सोडून हसायला आल्या. बाबा स्वतः इतके हसले की त्यांची टोपी पडली.

महिपत बघत राहिला. त्याला फार बरं वाटलं.

रशीदची बायको रहिमा चहा घेऊन आली. "बगा, कसे बोलतायत. तुमी गाडी घेऊन भाट्याला गेलाव की त्यांना असाच बरा वाटता. दोनतीन तास. मग पुन्ना छाती वाजायला लागते." ती हसली. "ते इथनं बगत असतात ना. ती बगा चढण, समोरच. गाडी वर जाताना बगून खूश होतात."

महिपतने वळून बघितलं. खाडीपलीकडे हिरव्या डोंगरावर रस्त्याचा तो तुकडा दिसत होता, पहिल्या वळणापासून माथ्यावरच्या कातळाच्या सड्यापर्यंत.

"गाडी बाबांची लाडकी," तो म्हणाला.

"लाडकी म्हणजे?" बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "तिला पयली हवा मी दिली! गलबताला नवा शीड चढवला की घरातला मोठा माणूस दुआ पढून शिडात फुंकर घालतो. मग दोर सोडायचा. त्याच्याशिवाय आमी गलबत पाण्यात नाय घातला कदी. हा रशीद गाडी घेऊन आला. मी म्हटला, हिचा शीड कुठाय? सगळे हसले. ह्यानं बॉनेट उघडून दाखवला, बाबा, इथनं हवा ओढते. मी दुआ पढलो नि त्या भोकात घातली फुंकर. अशी लांब. तेव्हा छाती होती माझी."

"मग बाबा, आता ती फुंकर परत घेताय की काय?" महिपतने थट्टेत विचारलं.

बायका हसल्या. बाबाही हसले. मग खाडीकडे बघत म्हणाले, "दिलेला परत घेत नसतात रे. उसना घेतात."

महिपत त्या रात्री जेवताना नुसता भात चिवडत होता. हौसाने विचारलं तर म्हणाला, हवा जाते कुठं ते कळत नाही. ती म्हणाली, हवाच ती, जाईल कुठंतरी, तुम्ही भात खा.

पण हट्टी माणूस तो. म्हातारा गंमतीत काहीतरी बोलला म्हणून टर्बो बंद पडत नसतो, असं त्याने स्वतःला बजावलं. टर्बोच्या पोटात एक झडप असते. हवा जास्त झाली की ती उघडते आणि धूर बाजूला सोडून देते, म्हणजे भिंगरी आवरते. ह्या झडपेची सळई दोनचार आटे आवळली की झडप उशिरा उघडते आणि टर्बोला जबरदस्तीने जास्त हवा कोंबावी लागते. हे बरं काम नव्हे, इंजिनाला सोसत नाही. पण दुखणं कुठं आहे ते कळायला कधीतरी करावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याने सळई चांगली आवळली आणि एकटाच गाडी घेऊन निघाला.

वळण आलं, खाडी दिसली, काटा उतरायला लागला. महिपतने पाय पार खाली दाबला. काटा चारावर आला, तिथं थरथरला, आणि मग वर जायला लागला. सहा. नऊ. शिट्टी सुरू झाली. बारा झाले, चौदा झाले. गाडी उसळली. पुढे चाललेली गणपतीपुळे–पावस एस.टी. त्याने शेवटच्या वळणाला मागे टाकली आणि खिडकीतून हात काढून ड्रायव्हरला सलाम ठोकला. सड्यावर पोचून त्याने गाडी थांबवली आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. आता सरळ राजिवड्याला जाऊन बाबांच्या पायाशी किल्ली ठेवायची, असं त्याने ठरवलं.

तो पोचला तेव्हा अंगणात कुणी हसत नव्हतं.

बाबा खुर्चीत पुढे वाकले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मान खाली, आणि छातीतून बांबूच्या फटीतून वारा जावा तसा आवाज. ओठ जांभळे झाले होते. उझमा त्यांच्या तोंडाशी औषधाचा पंप धरून रडत होती. रशीद रिक्षा बघायला धावला होता.

"आत्ता चांगले होते," रहिमा म्हणाली. "तुमची गाडी बगत होते. बगताबगताच... कुणीतरी गळा धरल्यासारका."

महिपत बाहेर आला, बॉनेट उघडलं, आणि तापलेल्या इंजिनात हात घालून ती सळई सैल केली. मनगट चांगलंच भाजलं. आपण काय करतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. गाडी वळवून तो पुन्हा पुलाकडे निघाला.

चढणीला त्याने पाय अगदी हलका ठेवला. वळणाला काटा उतरला. आठ, सहा, चार. काटा उतरला म्हणून आज त्याला हायसं वाटलं. चारावर येऊन काटा वरखाली व्हायला लागला. सुरुवातीला भराभर, धापा टाकत. मग सावकाश. गाडी रखडत वर चढली, मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून त्याचा उद्धार केला, आणि सड्यावर पोचताना महिपतचा फोन वाजला.

"मेस्त्री," रहिमा म्हणाली, "बाबा उठून बसले. चहा मागतायत. साखर जास्त घाल म्हणतात."

महिपत गाडीतून उतरला आणि सड्यावरच्या कातळावर मटकन बसला. त्याला हसू येत होतं. अंगावर काटाही उभा होता.

गाडी बरी न करता परत द्यायची महिपतची ती पहिलीच वेळ.

"टर्बो म्हातारा झालाय," त्याने रशीदला सांगितलं. "आता हिचा जोर एवढाच. दुसऱ्या गिअरवर चढवायची, घाई करायची नाय."

"तुमी सांगताव हे?" रशीद त्याच्याकडे बघतच राहिला. "तुमी?"

"मीच सांगतोय. आणि रोज सकाळी एकदा भाट्याची चढण चढवून आणा. सावकाश. टर्बोला सवय राहते." ह्या औषधाला कुठल्याच पुस्तकात जागा नव्हती. पण रशीदने ते मनोभावे पाळलं. रोज सकाळी निळी गाडी रखडत भाट्याला चढू लागली, आणि रोज सकाळी तांडेलबाबा ओट्यावरून ती बघू लागले. चार दिवसांत ते काठी टेकत मंडपात फिरायला लागले. आचाऱ्याला दम द्यायला लागले. एकदा तर होड्यांपर्यंत जाऊन आले आणि तिथल्या पोरांना जाळं कसं शिवायचं नाही हे दाखवून आले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषध चांगलं लागू पडलं म्हणाले. राजिवडा खूश होता. महिपत सगळ्यांपेक्षा खूश होता, आणि कुणाला सांगू शकत नव्हता.

निकाहाच्या दिवशी लखलखीत ऊन पडलं. मंडपात अत्तर, मोगरा आणि बिर्याणीचा वास एकमेकांत मिसळला होता. महिपत हौसाला घेऊन सकाळपासूनच हजर होता. उझमाचा वकील म्हणून तिची संमती विचारायला बाबा स्वतः उभे राहिले. वकिलाने मुलीसमोर जाऊन मुलाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मेहेर, सगळं नीट म्हणायचं आणि विचारायचं, कबूल आहे का. कुणीतरी म्हणालं, बाबांना बोलवेल का एवढं, दुसऱ्याला सांगू. बाबांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग आत गेले आणि तीनदा विचारलं, एकदाही न अडखळता. बाहेर ओट्यापर्यंत आवाज आला. उझमाचं "कबूल" कुणाला ऐकू आलं नाही, पण बायकांचा गलका झाला त्यावरून सगळ्यांना कळलं. रशीद खांबाला टेकून लहान मुलासारखा रडला.

दुपार कलली तशी निघायची तयारी झाली. मुलाकडच्या गाड्या आधीच पुलाकडे गेल्या होत्या. निळी गाडी फुलांनी मढवली होती. रशीदला पाहुणे सोडून जाता येईना. तो महिपतला म्हणाला, "मेस्त्री, तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाय. तुमीच न्या."

मागच्या सीटवर उझमा आणि तिचा नवरा साकिब बसले. साकिब लाजून खिडकीबाहेर बघत होता. बाबा काठी न घेता गाडीपाशी आले. खिडकीतून वाकून त्यांनी उझमाच्या डोक्यावर हात ठेवला, पुटपुटत दुआ पढली आणि तिच्या कपाळावर फुंकर घातली. मग पुढे येऊन महिपतच्या खिडकीपाशी उभे राहिले.

"महिपत, आज दाबून चालव."

"सावकाशच नेतो, बाबा."

"सासरचे पुढं गेलेत. माझी नात मागनं रखडत जायची नाय."

"बाबा, गाडीला सोसत नाय." महिपतने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "खरंच सांगतो. राहू दे."

"मी तांडेल हाय की तू?" म्हातारा हसला. त्याचे दात सगळे गेले होते, आणि हसू मात्र जसंच्या तसं होतं. त्याने महिपतच्या खांद्यावर थाप मारली आणि गाडीच्या टपावरही मारली. "सोड."

महिपतने बाबांचं ऐकलं नाही. पूल ओलांडून चढणीला लागला तेव्हा त्याचा पाय पिसासारखा हलका होता. मीटर त्याने काढलेला नव्हता. वळण आलं, खाली खाडी पसरली. पलीकडे मंडपाचं लाल कापड दिसत होतं.

काटा उतरून चारावर आला. महिपतने सुस्कारा सोडला.

मग काटा वर निघाला.

सहा. आठ. शिट्टी सुरू झाली, बारीक आणि स्वच्छ.

"काका, मस्त ओढते की ओ!" साकिब पहिल्यांदाच बोलला. उझमा ओढणीआडून हसली. "बाबांची गाडी हाय," ती म्हणाली.

दहा. बारा.

महिपतने पाय उचलला.

गाडी मंदावली नाही.

त्याने पाय पार बाजूला घेतला, रबरी पायपुसण्यावर ठेवला. शिट्टी तशीच वाजत होती. निळी गाडी एकामागून एक वऱ्हाडाच्या गाड्यांना मागे टाकत वर चालली होती. प्रत्येक गाडीतून हॉर्न वाजत होते, पोरं खिडक्यांतून हात हलवत होती, उझमा आणि साकिब आता मोठमोठ्याने हसत होते. मागच्या आरशात त्यांचे चेहरे बघून महिपतचा ऊर भरून आला आणि त्याने नजर परत काट्यावर नेली.

सड्यावर त्याने ब्रेक दाबला. गाडी आज्ञाधारकपणे थांबली. त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

काटा बारावर होता. हलत नव्हता.

फोन वाजला. मागे मंडपातला गलका, भांड्यांचा आवाज, पोरांचा आरडाओरडा, आणि त्यात रशीदचा आनंदाने भरलेला आवाज.

"मेस्त्री! काय चढवलीत ओ! इथनं सगळ्यांनी बगितला!"

"बाबा कुठायत?"

"ओट्यावरच. गाडी वर पोचली तशी म्हणाले, मी वायच पडतो. आणि आडवे झाले, मेस्त्री! दिवाळीपासनं बसून झोपतोय तो माणूस. आज उशी पण नको म्हणाले. छाती वाजत नाय, काय नाय. रहिमानं सगळ्यांना दटावलाय, आवाज करू नका म्हणून."

"रशीदभाई, वायच जवळ जाऊन बगा."

"कशाला उठवू? किती दिवसांनी लागलीय झोप."

उझमा पुढे वाकली. "फोनवर अब्बा आहेत ना? विचारा ना काका, बाबांना गाडी दिसली का."

महिपतने विचारलं. पलीकडे रशीदने रहिमाला काहीतरी विचारलेलं ऐकू आलं, आणि मग तो हसला.

"दिसली म्हणजे? रहिमा म्हणते, झोपेत पण डोळे अर्धे उघडेच ठेवलेत. तिकडंच, चढणीकडं."